धरणाखाली फ्लाय रॉड

बाबा, नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

मासेमारीसाठी नवशिक्याला परवडेल अशी फ्लाय रॉड कोणती, असं तुम्ही विचारलंत. नऊ फुटी, पाच नंबरची घ्या. महागडी नको. रीळ साधं चालेल, पण दोरी चांगली घ्या. हलकी दोरी नीट फेकलीच जात नाही.

आता दुसरं. सोमवारी मी धरणाचं दार उघडलं. आधी तीनदा भोंगा वाजवला होता. तरी एक आजोबा खडकाआड, गुडघाभर पाण्यात गळ टाकत उभे होते. ते दिसताच मी दार बंद केलं, पण तोवर पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं. रखवालदाराने त्यांना ओढून काढलं.

"आजोबा, आज माशानेच तुम्हाला नेलं असतं!" रखवालदार म्हणाला.

"मग ओरडायचं तरी मोठ्याने! मला ऐकू येतं कुठे?"

दोघेही हसले. मी मात्र खाली जाऊन खडकाआड आणखी कोणी नाही ना, ते बघून आले.

तुमच्या नदीवरही धरण आहे. आणि भिजेल म्हणून कानाचं यंत्र तुम्ही घरी ठेवून जाता, असं आई म्हणाली.

पाण्यात उतरू नका. मागे झोकताना दोरी अडकू नये म्हणून मागे झाडं नसलेला काठ बघा आणि तिथूनच फेका. कबूल असेल तर लगेच कळवा. दार रोज मलाच उघडावं लागतं, आणि बटणावर बोट ठेवलं की खाली तुम्ही पाठमोरे उभे दिसता.

तुमची धाकटी