पिवळे फाटक

नवा रायपूर,
२१ जानेवारी

प्रिय वनमाला,

पाकिटावरचे माझे अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ठेवून दिले असतेस, तरी मी तुला दोष दिला नसता. उघडले आहेस, तर शेवटपर्यंत वाच. माझी पत्रे मुद्द्यावर उशिरा येतात ही तुझी जुनी तक्रार. या वेळचा उशीर मात्र भित्रेपणाचा आहे.

तलावाभोवतीचा फिरण्याचा रस्ता अखेर पूर्ण झाला. सायकलींना वेगळी पट्टी आहे, बाकेही सारख्या अंतरावर आहेत. फरशीचे सांधे दोन ठिकाणी चुकले. मी सांगितले, कोणी ऐकले नाही. रविवारी शहरातून माणसे नावेत बसायला येतात आणि खाऊचे कागद पाण्यात सोडून जातात. आपल्या सहाही गल्ल्या मात्र रेखल्या होत्या तशाच उभ्या आहेत: तीच उतरती छपरे, तीच राखाडी फाटके, प्रत्येक दारासमोर एकच कडुनिंब. जन्मभर नगररचना शिकवलेल्या बाईला म्हातारपणी आखीव वसाहत मिळाली, वर तिच्या समितीचे अध्यक्षपदही; मी किती फुशारले होते, ते तुझ्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे तुझे घर कुलूपबंदच आहे. कडुनिंबाला पाणी घालायला मी वसाहतीच्या पहारेकऱ्याला, हिरालालला, सांगितले आहे. त्याबद्दल आभार मानू नकोस.

त्या सभेबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू फाटक पिवळे रंगवलेस, मी तीन पानी नोटीस पाठवली, आणि तू सर्वांसमोर उभी राहून एवढेच म्हणालीस, "ताई, बाबांले घर ओळखू येत नाही, म्हणून रंगवलं." शामरावांविषयी, तुझ्या सासऱ्यांविषयी, हे चारचौघांत बोलताना तुला किती जड गेले असेल, याचा विचार करायला मला एक क्षण पुरला असता. तो मी घेतला नाही. "मग सोबत माणूस ठेव. एका म्हाताऱ्यासाठी अख्खी गल्ली विद्रूप करायची का?" असे मी म्हणाले. मागे कोणीतरी हसले. तू खाली बसलीस. चौथ्या दिवशी फाटक राखाडी झाले. त्याच आठवड्यात शामराव होड्यांच्या धक्क्यावर सापडले, गुडघ्यापर्यंत भिजलेले, आणि महिन्याभरात तुम्ही शंकर नगरच्या जुन्या घरी परत गेलात. गेल्या वर्षी ते गेल्याचे कळले तेव्हा मी मोबाइलवर चार ओळी पाठवल्या. त्या निर्दोष होत्या. याहून बरे त्यांच्याविषयी काही सांगता येत नाही.

आता आमच्याकडचे. अनंतराव सहाला फिरायला निघतात आणि सातच्या ठोक्याला परततात. छत्तीस वर्षांच्या रेल्वेच्या नोकरीने लावलेली ही सवय. दिवाळीनंतर ते पावणेआठला येऊ लागले आणि चहा नको म्हणू लागले. तलावाकाठच्या टपरीवर टोळके जमले असणार, असा निकाल मी लगेच देऊन टाकला आणि साखरेवर त्यांना व्याख्यान ऐकवले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग एके सकाळी पाचव्या गल्लीतली रीना त्यांचा मफलर घेऊन आली. "आंटी, अंकल रोज आते हैं. चाय पीते हैं, पेपर पढ़ते हैं," ती म्हणाली, आणि मफलर माझ्या हातात देत, "मुझे आपके नाम से बुलाते हैं, पद्मिनी. अच्छा लगता है मुझे, आप डाँटना मत." तिचे घर हुबेहूब माझ्या घरासारखे आहे, वनमाला. व्हरांड्यात खुर्ची कुठे ठेवावी, हेसुद्धा तिला मीच सांगितले होते.

हिरालालला विचारले, तर "हव मॅडम" म्हणून तो जमिनीकडे पाहू लागला. रीनाच्या घरून तोच त्यांना रोज आमच्या दारापर्यंत आणून सोडत होता. "साहब ने मना किया था. बोले, मॅडमले नको सांगू." त्या दुपारी त्यांची टोपी धुवायला घेतली. आतल्या अस्तरावर बॉलपेनने लिहिले होते, 'गल्ली सहा, घर चौदा'. शाई दोनतीनदा गिरवलेली. माणूस शहरात वाट कशी ओळखतो, हे मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. आणि माझ्याच घरात माझा नवरा परीक्षेला घाबरलेल्या मुलासारखा चिठ्ठी लपवत होता. डॉक्टरांना दाखवले आहे. त्यांनी जे सांगितले ते तू शामरावांच्या वेळी ऐकलेलेच आहेस.

गेल्या रविवारी मी त्यांच्यासोबत फिरायला गेले. परतताना ते तुझ्या घरासमोर थांबले, फाटकावरून हात फिरवला आणि म्हणाले, "इथं पिवळं फाटक होतं न, पद्मिनी? त्याच्यावरूनच वळत होतो मी. काहून काढलं कोणी?" ते उत्तराची वाट पाहत उभे राहिले. ते उत्तर तुला देते आहे: मी काढले. शामरावांचे घर पुसले, आणि त्याच हाताने माझ्या माणसाचेही.

पंडरीच्या दुकानातून रंगांचे कार्ड आणले. त्यात अकरा पिवळे आहेत. त्यांतल्या तीन रंगांचे नमुने फळीवर लावून त्यांना दाखवले, प्रत्येकावर त्यांनी मान हलवली, "हा नाही." म्हणून हे पत्र. तो पिवळा कोणता होता, ते मला कळव, आणि तुझे फाटक पुन्हा तसेच रंगवू दे. माझे नाही, तुझेच. ते वळतात तुझ्या फाटकावरून. राखाडीचा नियम मीच लिहिला होता. काल अध्यक्षपद सोडले. आता नोटीस आली तर ती माझ्या नावाने येऊ दे. माफी मागण्याचा हक्क मला आहे असे मी मानत नाही, म्हणून फक्त रंग मागते. जुना डबा कुठे उरला असेल, तर झाकणावरचा आकडा पाहा. पण लवकर कळव, वनमाला. अजून तरी त्यांना पिवळे फाटक आठवते आहे.

तू मानशील तर तुझीच,
पद्मिनी