तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

आदरणीय दादा,

सविनय नमस्कार. आम्ही उभयता धडधाकट आहोत, गाडीबद्दल पुढे लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर तुम्ही नुसतं "वाजतो" म्हणालात. एवढ्यावर निदान होत नसतं. जिना चढताना वाजतो की उतरताना, सकाळी गार असताना जास्त की चालून तापल्यावर, हे सविस्तर कळवा. (माणूस काय आणि इंजिन काय, ऐकायची पद्धत एकच.)

पत्रास कारण तुमची बहीण. तिने माझी गाडी विकायला काढली आहे. येत्या रविवारी तिच्या ऑफिसातल्या कोणा बाईंचा भाऊ गाडी बघायला यायचा आहे. चालू असली तर तो घेऊन जाईल, नसली तर सोमवारी भंगारवाला, अशी तिने दोन्हीकडून नाकेबंदी केली आहे. तुम्हाला ठाऊक आहे, मला जे काही येतं ते या गाडीने शिकवलं. ना गुरू, ना वर्ग, ना सर्टिफिकेट. (एकलव्याला निदान पुतळा तरी होता.) ती गेली तर माझ्याकडे राहतील फक्त हत्यारं, आणि हत्यारं असलेल्या रिकाम्या माणसाला घरात कोणी उभं करत नाही.

मूळ भानगड आवाजाची. उभ्या गाडीत हळू आणि चढाला लागली की जोरात, असा इंजिनातून ठोका यायचा. तुमची बहीण म्हणे खडखड. शेजारचे पेन्शनर म्हणत टकटक. गॅरेजवाल्या मिस्त्रीने तर बॉनेट न उघडताच "खटखट आहे साहेब, इंजिन उतरवावं लागेल" असा निकाल दिला. (तो हे सगळ्यांनाच सांगतो. एकाला त्याने हवा भरायला आल्यावर सांगितलं होतं.) तिघेही चूक. आवाज "ठक्" असा होता, शेवटाला जरा दबलेला, बंद लाकडी पेटीत कोणी आतून बोट वाजवावं तसा. टकटक असेल तर वरचे व्हॉल्व्ह. खडखड असेल तर सायलेन्सरचा सैल पत्रा. आणि ठक् असेल तर तळातलं बेअरिंग, म्हणजे आज ना उद्या इंजिनाचाच निकाल. लोक हा भेद पाळत नाहीत आणि नको ते भाग बदलत बसतात.

मी रीतसर तपास केला. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टरच्या नळीपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. (तुमची बहीण खिडकीतून म्हणाली, "माझं ऐकायलाही लावा की तो एकदा." मी टोक जरा डावीकडे सरकवलं, इंजिन चालू होतं.) मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. पहिली काढली, ठोका तसाच. दुसरी काढली, तसाच. तिसरी काढली आणि आवाज मऊ पडला. झालं, चोर सापडला: तिसरा सिलिंडर.

पुढचं काम घरात करावं लागलं, कारण बाहेर धूळ असते आणि धूळ ही इंजिनाची वैरीण. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून सगळे भाग क्रमाने मांडले. चार पिस्टन चार खुर्च्यांसमोर आले, हा योगायोग. बारीक स्क्रू वाट्यांमध्ये ठेवले, त्या नंतर घासून दिल्या. आम्ही ओट्याशी उभ्याने जेवायला लागलो. पचनाला ते बरंच म्हणतात, पण तुमची बहीण म्हणाली, "उद्या दादा आला तर त्याला कुठे बसवू? दुसऱ्या पिस्टनच्या मांडीवर?" तुमचं नाव निघालं म्हणून लिहिलं.

बेअरिंग मात्र निर्दोष निघालं. पिस्टन निर्दोष, व्हॉल्व्ह निर्दोष. एवढं निर्दोष इंजिन बघून माझा संशय वाढला आणि मी सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. महिना त्यात गेला. तेव्हाच हा भाऊ उपटला. मी मुकाट्याने इंजिन जोडायला बसलो. परक्या माणसाने आपलं इंजिन वाट्यांमधून बघावं, यासारखी नामुष्की नाही.

जोडलं. बसवलं. किल्ली फिरवली. चढावर घेतलं. ठक्.

मग गाडीखाली पाठीवर पडलो, आणि इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यात, एका कोपऱ्यात, माझा बारा नंबरचा पाना आरामात पहुडलेला दिसला. हा तोच पाना, जो मिस्त्रीने लंपास केला म्हणून मी गेल्या वर्षापासून त्याच्याकडे बघतही नाही. पाना कुठे सापडला ते लक्षात घ्या: तिसऱ्या सिलिंडरच्या बरोब्बर खाली. म्हणजे माझं निदान तंतोतंत होतं, फक्त जरा वर पडलं.

पाना काढल्यावर इंजिन असं चालायला लागलं, की बंद पडलं की काय म्हणून मी दोनदा खाली उतरून बघितलं. आणि दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. असं इंजिन कोणीही डोळे मिटून घेऊन जाईल. मी स्वतः घेतलं असतं.

असो. वहिनींना नमस्कार. गुडघ्याचा तपशील विसरू नका.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा (आणि रविवारपर्यंत गाडीचा मालक)

ता. क. रविवारी सकाळी तुम्ही याच. वजनमापं तपासण्यात तुमचा जन्म गेला, तुमच्या शब्दाला किंमत आहे. काही करायचं नाही. तो भाऊ आला की गाडीशी उभं राहायचं, कान द्यायचा आणि हळहळून म्हणायचं, "ठक् येतोय." भाऊ कचरेल, आणि गाडी चालू आहे म्हणून भंगारवालाही टळेल. तुम्ही खोटं बोलत नाही हे मी जाणून आहे. तशी वेळ येणार नाही.

पुन्हा ता. क. पाना होता तिथे परत ठेवला आहे.

दादा, यांचे हात ग्रीसचे म्हणून पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय. ऑफिसातल्या त्या बाईंना भाऊच नाही. टेबल मोकळं करून घ्यायला दुसरं काही सुचेना. यांना बोलू नकोस. रविवारी वहिनीला घेऊन ये, चौघं खुर्च्यांवर बसून जेवू, मग भावाचा विचार बदलला म्हणून मीच सांगेन. पाना राहू दे तिथेच. गाडी वाजत असली की हे निवांत असतात. गप्प झाली की यांना वाटतं, काहीतरी लपवतेय.

आणि गुडघ्याबद्दल यांच्यासमोर अवाक्षर काढू नकोस. टेबल आत्ता कुठे रिकामं झालंय.