पाटलाने दिलेला हंडा

४ मार्च १९४४
देवीचा मुखवटा तडकला. चावडीवर ठरलं, नवा आम्हा ओताऱ्यांनीच ओतायचा. लढाईमुळे कराडच्या पेठेत पितळ मिळत नाही, म्हणून घरटी एक मोडकं भांडं. वहिवाट जुनीच. ज्याचं पितळ मुशीत गेलं, त्या घराचं नाव ओताऱ्याने देवळाच्या पायरीवर पुकारायचं, मग त्या घराने देवीला कुंकू लावायचं.
म्हणजे पा.चंही नाव माझ्या तोंडून. पा. म्हणजे पाटील. त्याच्यासाठी पूर्ण शब्दाची शाई घालवणार नाही.

१० मार्च
पितळ येतंय. फुटकी समई, नळाची तोटी, घुंगरं. सखूकाकूने लढाईत पडलेल्या पोराच्या पट्ट्याचं बक्कल दिलं. पेन्शनर सुभेदाराने काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ओतल्या. "ह्येनी लय माणसं मारली. आता देवीच्या गालाला लागू द्यात."
अण्णा उंबऱ्याच्या आत बसून बघतो. थोरला भाऊ, पण हात आता तान्ह्या पोराचे. बेचाळीसच्या चळवळीत उसात लपला होता, पा.ने शिपायांना वाट दाखवली. ठाण्यात बोटं मोडली. ओतण्याआधी मुखवटा मेणात घडवायचा, त्याचे नाकडोळे काढावेत तर अण्णानेच. आता घास आई भरवते. पा.चं वाटोळं व्हावं असं रोज वाटतं, आजही वाटलं.

१५ मार्च
मेणाचे डोळे जमेनात. अण्णा म्हणाला, "पापणी जड झाली रं. पेंगतीया ती. जागी कर."
पुन्हा केले. पुन्हा मोडले. तुरुंगातून आल्यावर तो घराबाहेर पडलेला नाही, चार माणसांत बोललेला नाही. आज मात्र दुपारभर मला शिव्या घातल्या. बरं वाटलं.

२० मार्च
पा.चा गडी हंडा टाकून गेला. मोडका नाही, चांगला. गावाला मोठेपणा दिसला पाहिजे ना.
मी आधीच ठरवलं होतं, त्याचं पितळ मुशीत घालायचं नाही. पितळ नाही तर नाव नाही. त्या पितळेची पिकदाणी करून त्याच्याच चावडीत नेऊन ठेवणार होतो.
हंडा उपडा केला आणि बुडाला बाबांच्या हातचं ठिगळ. बेचाळीसच्या दंडापायी झालेल्या जप्तीत पा.ने आमच्याच घरातून नेलेला हंडा. काठावरचं बाबांचं नाव कानशीने घासलंय, तेही धड नाही, उन्हात तिरपा धरला की वाचता येतं. आई त्यावरून हात फिरवत राहिली. मी घण घेऊन निघालो, कुठे ते सांगायला नको.
अण्णा : "ठेव खाली. हंडा मुशीत जाईल."
"पाटलाच्या नावानं?"
त्याने कोपराने हंडा माझ्याकडे सरकवला.

२७ मार्च
ओतलं. हंडाही गेला. मला नको होतं. आता काठ नाही, ठिगळ नाही, पुरावा म्हणून दाखवायला काही नाही. अण्णाशी दिवसभर बोललो नाही.
मुखवटा एका दमात भरला. साच्याची माती फोडली तर देवी टक्क जागी. इतकी देखणी की घटकाभर पा.चा विसर पडला. मग विसर पडला म्हणून स्वतःचाच राग आला.

२ एप्रिल
कानस, चिंच, राख. चकाकी आली.
पा. बघायला आला. "माझं नाव आधी घे रं. हंडा साधा न्हवता."
म्हटलं, "व्हय. आमच्या वळखीचा वाटला."
हसता हसता थांबला. अण्णाकडे बघितलं नाही. चहा न घेता गेला. आईने तो बसला होता ती जागा शेणाने सारवली.

८ एप्रिल, सकाळ
यात्रा. हलगी वाजतेय. मी ठरवलं होतं, सगळी घरं पुकारायची आणि पा.ला वगळायचं. उभा राहू दे गावापुढे, कुंकवाचं बोट वर धरून.
पटका बांधत होतो. अण्णा आतून आला, धुतलेला सदरा घालून. आईने घातला असणार, ती दाराआड तोंडाला पदर लावून.
"त्यो पटका मला बांध. नावं मी घेतो. हंडा बाबांच्या नावानं."
"अण्णा, हंडा वितळला. कोण खरं मानंल?"
"देवीच्या पायरीवर ओतारी खोटं बोलत न्हाई. गावाला ठावं हाय."
"आन् पाटलाचं नाव?"
"त्यानं काय दिलं हाय?"
पा. पायरीशी पहिला उभा आहे म्हणे, खांद्यावर जरीचा शेला घेऊन. पटका घट्ट बांधला. अण्णा उंबरा ओलांडून उन्हात गेला आहे, मागे बघत नाही.