भुरीची धाप

रहाटणी,
१९ मार्च २०२५

चि. दिव्या हिस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तू जेवणाची हेळसांड करत नसशील, असं धरून चालतो. पोलंडात अजून थंडी आहे म्हणे. इकडे पंखे आत्ताच गरम हवा फेकायला लागलेत.

पत्र बघून हसशील. पण माझ्या फोनचा माईक बिघडलाय, बोललेलं पलीकडे नीट जात नाही. आईचा फोन घ्या म्हणशील, तर तो तिच्या हातातून सुटेल तेव्हा ना. म्हणून मी कागदावर लिहितो आणि ती फोटो काढून तुला पाठवेल. शुक्रवारी तुला कंपनीला सांगायचंय, आणखी दोन वर्षं तिकडे राहणार की नाही. त्याआधी हे तुझ्या हातात पडलं पाहिजे.

भुरी आजारी पडली होती. लहानपणी गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायचीस, तसं आता करू नकोस. ओळीने वाच.

तू जाताना सगळं नीट सांगून गेली होतीस. भुरी म्हणजे चिंचिला, थंड डोंगरातलं जनावर, एसी बंद पडता कामा नये, अंगाला पाणी लावायचं नाही, आठवड्यातून दोन-तीनदाच त्या बारीक धुळीचं भांडं ठेवायचं म्हणजे ती लोळून न्हाते. मला त्या न्हाण्याची फार गंमत वाटायची. जन्मभर मी धूळ माखून घरी यायचो आणि तुझी आई मला दारातच अडवून मोरीत पाठवायची. इथे एक प्राणी धुळीनेच स्वच्छ होतो! म्हणून मी ते भांडं पिंजऱ्यातच ठेवून दिलं. न्हाऊ दे बिचारीला वाटेल तेव्हा. धुळीनं काय होतंय? फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगच्या कडा घासायच्या खात्यात, ज्याने नोकरी काढली तो माणूस असंच म्हणणार.

मग ती शिंकायला लागली. आई म्हणाली, "थंडी बाधली लेकराला. एसीत कोंडून घातलंय, दुसरं काय व्हईल?" आणि तिने करवंटीचा निखारा केला, त्यावर ओवा टाकला आणि पिंजऱ्याला धुरी दिली. तू तान्ही असताना न्हाऊमाखू घालून द्यायची तशीच, वरून साडीचं पांघरूण घालून. मी तेवढ्यात गॅलरीत गेलो. घरात धूर झाला की हल्ली मी गॅलरीतच उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरीने गवताला तोंड लावलं नव्हतं. पुढच्या दोन्ही पायांवरचे केस ओले होऊन चिकटले होते. नाक वाहत होतं आणि ती ते पायांनी पुसत होती. डोळ्याच्या कडेला खपली धरली होती. पाठ वाकवून कोपऱ्यात बसली होती, आडवी होत नव्हती. ती का आडवी होत नाही, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकेका श्वासाला तिची अख्खी कूस आत जात होती.

खालच्या मजल्यावरचे साहेबराव तुला आठवतात ना, आपल्या बिल्डिंगची जागा ज्यांच्या शेताची होती ते? त्यांना गाडी काढायला लावली. त्यांनी पिंजऱ्यात वाकून पाहिलं. "ह्यो ससा हाय का उंदीर?"

"चिंचिला," मी म्हणालो.

"चिंचवडचा व्हय? मग आपल्यातलाच हाय की. चला, बसा."

आई पदराने डोळे पुसत होती, तिलाही हसू फुटलं.

असले प्राणी बघणाऱ्या डॉक्टर पिंपळे सौदागरला आहेत, मोनिका नावाच्या. दवाखाना वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. पिंजरा साहेबरावांनी उचलला होता, तरी मी मागून पोहोचेपर्यंत डॉक्टरांनी भुरीच्या छातीला नळी लावलीसुद्धा होती. मी दारातल्या खुर्चीवरच बसलो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग पुन्हा कामाला लागल्या.

भुरीला आधी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, ती जरा सावरल्यावर एक्स-रे काढला. न्यूमोनियाची सुरुवात होती. डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर होतो?" आई जमिनीकडे बघायला लागली. "आणि धूळ?" तेव्हा मी जमिनीकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे प्राणी आजार शेवटपर्यंत दाखवत नाहीत, काका. रानात जो अशक्त दिसतो, त्याच्यावर आधी झडप पडते. म्हणून ती नेटाने बसून राहते, खाल्ल्यासारखं करते. तुम्हाला दिसलं, म्हणजे दुखणं बरंच जुनं आहे."

त्यांनी औषध सिरिंजने तोंडात सोडायला शिकवलं. घरातल्या माणसांच्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं. आपण सर्दी-घशाला घेतो त्यातल्या काही गोळ्यांनी यांच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि जनावरच जातं. बरं झालं, आईने ओव्यावरच भागवलं. धुळीची अंघोळ बंद, धुरी बंद, उदबत्तीसुद्धा दुसऱ्या खोलीत. आणि औषधाची वाफ द्यायची. "नेब्युलायझर मिळेल का कुठून?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरात आहे," मी म्हणालो. होता तो घरात. फक्त नळी नवीन आणली.

मग आपलं घर म्हणजे दवाखानाच झाला. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात भुरी बसायची, मशीन घुरघुरायचं आणि वाफ आत जायची. मी शेजारी खुर्चीवर. खाणं बंद झालं की यांचं आतडंच थांबतं, म्हणून आई तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि भिजवून वाटलेला चारा सिरिंजने भरवायची. "एवढा घास खा गं माय," म्हणायची. एका संध्याकाळी भुरीने मान टाकली होती. आम्ही दोघं तिच्यापाशीच बसून राहिलो. तुला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

परवा सकाळी आई पिंजऱ्यापाशी ओरडली. मी धसकलो. तर म्हणते कशी, "ओ, लेंड्या टाकल्या हो पोरीनं! ह्या एवढ्या!" लेंड्या बघून इतका आनंद झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. आज भुरी माझ्यासमोर गवताची काडी कुरतडते आहे. पायांवरचे केस कोरडे आहेत. औषध अजून संपवायचंय, पण डॉक्टर म्हणाल्या, वाचली.

इथे मी पत्र संपवणार होतो. आईने वाचायला मागितलं, वाचलं आणि माझ्यासमोर ठेवून दिलं. "जनावर बरं की, ओ. त्याला बोलता येईना म्हणून सांगना. तुमाला काय झालंय?"

तर दिव्या, फोनच्या माईकला काही झालेलं नाही.

नेब्युलायझर माझा आहे. दिवाळीच्या आसपास आणला. छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरून दाखवला. फौंड्रीतली धूळ फुप्फुसात बसली आहे, ती आता निघणार नाही. औषधाने धाप जरा कमी होते, एवढंच. पुढच्या आठवड्यात घरी ऑक्सिजनचं मशीन येणार आहे. मी आडवा झोपत नाही, खुर्चीतच डोळा लागतो. आणि फोनवर दोन वाक्यांपुढे गेलो की धाप लागते. ती तुला ऐकू गेली असती. म्हणून मी "घे, आईशी बोल" म्हणून फोन द्यायचो आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो. कागदावर ती ऐकू येत नाही.

तू विचारलंस, "अण्णा, दोन वर्षं वाढवून घेऊ का?" मी लगेच "घे" म्हणालो. तुझं भलं व्हावं हे त्यात खरं होतं. पण मी नेटाने बसून होतो, हे तुला माहीत नव्हतं. मला भीती वाटते, दिव्या. मरणाची असेल थोडी. जास्त भीती याची, की तू येशील तेव्हा माझ्यात बोलायला दम उरलेला नसेल.

शुक्रवारी काय सांगायचं ते तू ठरव. राहिलीस तरी मी रुसणार नाही. पण मला काय वाटतं ते सांगतो: तू यावंस.

आता लगेच काही लिहू नकोस, फोन कर. माझ्याच फोनवर कर, मी उचलीन आणि आईकडे देणार नाही. बोलता बोलता मी गप्प झालो तर फोन ठेवू नकोस. मी श्वास घेत असेन.

तुझी वाट बघणारा,
अण्णा