दादांची खाट आणि पेशीचा पडदा

नाशिक, मुलींचं हॉस्टेल
८ ऑगस्ट १९७९

आईस कलाचा जय भीम.

मी मजेत आहे, पोटभर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

काल तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "पेशीचा पडदा काय करतो?" मी घाबरून म्हणाले, "सर, आमचे दादा, म्हणजे वडील, मनमाडला क्वार्टरच्या दारात खाट टाकून बसतात, तसंच. हवा-पाणी सोडलं तर चौकशीशिवाय कुणालाच आत सोडत नाहीत." सरांना हसून हसून ठसका लागला.

पण काही कणांना पडद्यातलंच कुणीतरी हात धरून आत घेतं, असंही पुस्तकात आहे. रविवारी माझ्या वर्गातला जयराम आपल्याकडे येतोय. मुलगा चांगला आहे. तेवढं तू बघ.

तुझी कला

ता. क. दादा, पत्र आधी तुम्हीच फोडलं असणार. जयराम चहात साखर कमी घेतो.