तिसरा संच

१२ मार्च

चि. वाळवीस, अनेक आशीर्वाद.

दोन जुने बिनतारी संच पार्सलने पाठवले आहेत. बाबांकडून दुरुस्त करून घे. त्यांनी रेडिओदुरुस्तीचे दुकान बंद केले असले, तरी हात विसरले नसतील.

हिमालयातल्या त्या आडबाजूच्या शिखराची जुनी वर्णने तू वाचनालयातून उकरून काढलीस, म्हणून आमचा मार्ग ठरला. आता घोडे अडले आहे ते तळावर. तळ सांभाळणारा मित्र ऐनवेळी मागे फिरला. रोज संध्याकाळी खालून हवेचा अंदाज सांगणारे कुणी नसेल तर मोहीम रद्द, असे आमच्या म्होरक्याने बजावले आहे. ढगवाऱ्यांविषयी तुझ्याइतके वाचलेले आमच्यात कुणी नाही. तू ये. मोठ्याने बोलावे लागेल, एवढीच काय ती पंचाईत!

बाबांना नमस्कार, तुला टपली.

दादा

२० मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

टपली पोचली. शाळेत पहिली आले तेव्हा आभाराची दोन वाक्ये माझ्या तोंडून फुटली नव्हती, हे तू विसरलास काय? शिवाय आई गेल्यापासून बाबा दिवसाकाठी मोजके बोलतात, तेही माझ्याशीच. मी आल्यावर ते कुणाशी बोलतील?

संच मात्र त्यांनी उघडले आहेत. जेवणाचे टेबल स्क्रूंनी व्यापले आहे. आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतो.

दुसरे कुणी पाहा. रागावू नकोस.

तुझी वाळवी

२८ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

संच दुरुस्त झाले. तुझ्याकडे रवाना करण्यापूर्वी एक मी माळ्यावर नेला आणि दार लावून बोलून पाहिले. दुसरा पार्सलात बांधला गेला असावा अशा समजुतीने माझी भीड चेपली होती. खिडकीतले ढग, समोरच्या धुराड्याच्या धुराचा कल, सारे सांगितले आणि शेवटी विचारले, ऐकू येते आहे का.

संचातून बाबांचा आवाज आला. सगळे ऐकू येते आहे, म्हणाले. मात्र बटण दाबल्यावर क्षणभर थांबत जा, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो. आणि वाऱ्याला ‘समीर’ म्हणू नकोस, वरची पोरे हसतील.

मग आम्ही पुष्कळ बोललो, दादा. एकाच घरात, दोन मजल्यांवरून. आईविषयीसुद्धा. समोरासमोर बसून जे आजवर ओठांवर आले नव्हते, ते. शेवटी त्यांनी मला तुमच्या तळावर जायला सांगितले. त्यानंतरही बटणावरचे त्यांचे बोट निघाले नाही. नुसता श्वास ऐकू येत राहिला.

मी येते. दोन्ही संच घेऊन.

कालपासून बाबांनी उरल्यासुरल्या सुट्या भागांतून तिसरा संच जुळवायला घेतला आहे. त्याचा आवाज गल्लीच्या टोकापलीकडे पोचणार नाही, हे त्यांच्याहून अधिक कुणाला ठाऊक? तरीही तळावरून मी संध्याकाळी किती वाजता बोलणार, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले.

तुझ्या लोभातला थोडा त्यांच्याकडे वळता कर, ही विनंती.

तुझी वाळवी