डावीकडची खिडकी

प्रिय मारिबेल,

कपाळाची सूज उतरली का? सोबत कुन्यापे, तुझे आवडते चीजचे पाव, पाठवतोय. लिंबरच्या बायकोने तुझ्यासाठी मुद्दाम भाजलेत. बसनेच पाठवतो, कारण तू म्हणालीस, "बाबा, नाताळला येईन ती बसनेच. विमानाचं नाव काढू नका." पावसाळ्यात त्या रस्त्याची काय गत होते, तुला ठाऊक आहे.

तू विमानाने निघालीस त्या सकाळी निरोपाला आलो नाही म्हणून तू रुसलीस. नदीपलीकडच्या कुरणांवर माझ्या छोट्या विमानाने औषधं पोचवायची होती, ते खरंच होतं. पण तू डावीकडची खिडकी मिळाल्याचं सांगितलंस आणि माझ्या मनात एक बेत शिजला. तुझी आई गेली तेव्हा माझ्या वैमानिक सोबत्यांनी एकामागून एक येऊन आपल्या घरावर विमानाचा पंख झुकवला होता. तू अंगणातून हात हलवत होतीस. आपल्याकडे निरोप असाच देतात. तुलाही तसाच द्यावा, असं वाटलं.

परतताना रेडिओवर टॉवरमधून लिंबरचा आवाज आला, "कोंपाद्रे, मामोरे नदीच्या पलीकडेच घिरट्या घाला. आपली पोर उडतेय, तिला आधी जाऊ द्या." मी म्हटलं, "पलीकडेच आहे." आमच्या टॉवरला रडार नाही. खाली ढग असले की आम्ही सांगू तेवढंच त्याला दिसतं. मी नदी ओलांडून अलीकडे आलो होतो. तुझं मोठं विमान सरळ जाईल आणि मी बाजूने पंख झुकवीन, असा माझा हिशेब. ते ढग टाळायला लवकर वळलं. समोरची काच त्याच्या पांढऱ्या पोटाने भरून गेली. मी खाली सूर मारला, ते वर उसळलं. त्या हिसक्यानेच तुझं कपाळ आपटलं.

संध्याकाळी फोनवर तू रडत म्हणालीस, "कुठल्या तरी गाढवाने आम्हाला मारलंच असतं!" मी म्हटलं, "हो पोरी, गाढवच तो."

चौकशीत कळलं, टॉवरचं ध्वनिमुद्रण यंत्र बंदच होतं. मी सांगितलं, नदीपलीकडे थांबायला मला कुणी सांगितलंच नाही. लिंबर समोर बसला होता. बाप्तिस्म्याला त्याने धर्मपिता म्हणून तुला हातांवर घेतलं, त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे. आणि कोंपाद्रेला परक्यांसमोर कुणी खोटं पाडत नाही. त्याने मांडीवरची टोपी फिरवली आणि म्हणाला, "कोंपाद्रे म्हणतात तसंच असेल." त्याला कामावरून काढलं. परवा दारात भेटला तर म्हणतो, "आता कोंबड्यांना उतरायची परवानगी देतोय. एकही ऐकत नाही!" मग तुझी चौकशी केली. रविवारी चर्चमध्ये मिस्सेत शांतीचा हात द्यायला तो माझ्याकडे वळला. माझा हात उचललाच गेला नाही.

उद्या सकाळी प्रार्थना करून मी चौकशीच्या कचेरीत जातोय. खरं सांगणार आहे. माझं उडणं बंद होईल, होऊ दे. पण तुला ते दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे लिहिलं. आणखी एक. त्या क्षणी डावीकडच्या एका खिडकीत मला हात दिसला. तू मला ओळखलंस, हात हलवतेयस असं वाटून मला आनंद झाला, मारिबेल. त्या आनंदाचीच आता जास्त लाज वाटते. तू फोनवर सांगितलंस तेव्हा कळलं, तू त्या हाताने डोळे झाकून घेतले होतेस.

तुझाच,
तेच गाढव,
बाबा